भाग ३७ : चेक-इन बॅगेतलं इन्सुलिन, टिळकांचं पथ्य आणि अनारशातली खसखस

कुणी फेज थ्रीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं असेल, कुणी वाकडच्या पीजीत भांडी घासत असेल, जे करताय ते चालू द्या. आजचा भाग थोडा माझा आहे, थोडा इतिहासाचा. नेहमी मी आधी इतिहास सांगते आणि शेवटी स्वतःचं घुसवते, आज उलटं करते.

मला टाइप वन डायबेटिस आहे. चौदाव्या वर्षापासून. म्हणजे गोड खाल्लं म्हणून झालेला नाही, आणि कारल्याचा रस पिऊन जाणारही नाही. (काकू ऐकत असतील तर प्रेमानं सांगतेय.) माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. रोज. सुट्टी नाही.

हिंजवडीत नोकरी लागल्यावर दीड वर्षानं पहिलं ऑनसाइट मिळालं. दुबई, सहा आठवडे. तेव्हा मी पेन वापरत नव्हते, बाटली आणि सिरिंज वापरायचे, कारण ते स्वस्त पडतं. ऑफिसात कुणीतरी ठामपणे सांगितलं की सिक्युरिटीत लिक्विड आणि सुया काढून घेतात, सगळं मोठ्या बॅगेत टाक. मी टाकलं. सगळं इन्सुलिन चेक-इन बॅगेत. फक्त चार-पाच सिरिंज लॅपटॉप बॅगेच्या पुढच्या खिशात विसरून राहिल्या. गंमत म्हणजे त्या स्कॅनरमधून गेल्या आणि कुणी एक शब्द विचारला नाही.

हिंजवडी ते लोहगाव त्या सकाळी कॅबला दोन तास लागले. दिल्लीला विमान बदलायचं होतं. मी पोचले, बॅग पोचली नाही.

पट्टा फिरतोय, माणसं आपापल्या बॅगा उचलून जातायत, शेवटी एक कुणाचं तरी खोकं फिरत राहिलं आणि मी. काउंटरवर फॉर्म भरून घेतला, उद्या-परवा येईल म्हणाले. रात्री हॉटेलवर शुगर तपासली, ३४०. संध्याकाळचा डोस चुकलेला. टाइप वनवाल्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगते, असंच दीड-दोन दिवस गेलं तर रक्तात आम्ल साठतं, उलट्या सुरू होतात आणि गाडी थेट आयसीयूत.

खाली उतरून चालत फार्मसी गाठली. काउंटरवर एक मल्याळी गृहस्थ होते, साधारण माझ्या बाबांच्या वयाचे. फोनमधला प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवला. त्यांनी झूम केला, डोळे बारीक केले. त्यावर आपल्याकडचं ब्रँडचं नाव होतं, ते त्यांच्या कंप्युटरवर येईना. मी जेनेरिक नाव सांगितल्यावर काम झालं. त्यांनी बाटली दिली. सिरिंज माझ्याकडे आहेत असं म्हणून मी खिशातली काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, टोपीचा लाल रंग बघितला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ये यू-फॉर्टी है. ये बाटली यू-हंड्रेड. इससे मत लगाना."

मला खरंच माहीत नव्हतं. नऊ वर्षं रोज टोचून घेत होते आणि हे माहीत नव्हतं.

आता नीट ऐका, कारण तुमच्या घरात आजी-आजोबांपैकी कुणी ना कुणी इन्सुलिनवर असणार. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक करून एका मिलिलिटरला ४० युनिट अशा मिळतात. त्यासाठीच्या सिरिंजला लाल टोपी असते. जगात बऱ्याच ठिकाणी बाटली एका मिलिलिटरला १०० युनिटची असते, तिच्या सिरिंजला नारिंगी टोपी. माझा डोस १६ युनिटचा. लाल टोपीच्या सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिलिलिटर. तेवढंच त्या नव्या बाटलीतून ओढलं असतं तर झाले असते ४० युनिट. अडीच पट. परक्या शहरात, हॉटेलच्या खोलीत एकटी, दार आतून बंद. सकाळी कुणी उठवायला येईपर्यंत काय झालं असतं ते मी त्या रात्री बराच वेळ मोजत बसले होते.

त्या काकांनी नारिंगी टोपीची दहा सिरिंजची पिशवी दिली, आणि पैसे घेतले फक्त बाटलीचे.

त्या सहा आठवड्यांत मी हाच नाद लावून घेतला. ही ४० आणि १०० ची भानगड आली कुठून? औषध घेऊन देशाबाहेर जाणारी आपली माणसं आधी काय करत होती? आणि कस्टमवाला माझ्या कफ सिरपकडे संशयानं का बघतो? वाचत गेले तसतशी आपलीच ओळखीची माणसं भेटत गेली.

पहिले भेटले लोकमान्य टिळक.

टिळकांना मधुमेह होता. शाळेत आपल्याला शेंगांची टरफलं शिकवतात, हे नाही शिकवत. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला नेलं, तिथे 'गीतारहस्य' लिहिलं, १९१४ ला सुटले. या सगळ्या काळात मधुमेह सोबत होता. मग १९१८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हा माणूस बोटीनं इंग्लंडला गेला. व्हॅलेंटाइन चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने पुस्तकात त्यांची बदनामी केली होती, त्याच्यावर लंडनच्या कोर्टात दावा लावला होता. दावा हरले, पण वर्षभर तिथे राहिले, स्वराज्याचा प्रचार केला आणि १९१९ च्या अखेरीस परत आले.

मी विचार करत होते की त्यांच्या सामानात औषध काय असेल? पुस्तकं, कागदपत्रं, कपडे, ठीक आहे. मधुमेहाचं औषध? तर उत्तर असं, की नव्हतं. विसरले म्हणून नाही. जगात कुठेच नव्हतं. मुंबईत नाही, लंडनमध्ये नाही. खाण्यावरचा कडक ताबा हाच इलाज. युद्ध नुकतंच संपत आलेलं, परका देश, थंडी, आणि हा माणूस पथ्य सांभाळत कोर्टकचेऱ्या करतोय.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत सरदारगृहात गेले. ते मधुमेहानं गेले असं मी म्हणत नाहीये, शेवटचं आजारपण तापाचं, न्यूमोनियाचं होतं. पण तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातल्या फ्रेडरिक बँटिंग नावाच्या तरुण सर्जनला झोप येईना म्हणून त्याने उठून वहीत चार ओळी खरडल्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधायची आणि आतला रस वेगळा करून बघायचा, अशी ती कल्पना. पुढच्या उन्हाळ्यात टोरंटोला चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याला घेऊन त्याने प्रयोग सुरू केले. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याचं वजन उरलं होतं तीस किलोच्याही आत. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही, अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो सुधारला आणि २३ जानेवारीला दुसरं दिलं. ते लागू पडलं.

चौदा वर्षं. माझंही तेच वय होतं. टिळकांचा मधुमेह वेगळ्या प्रकारचा असणार, कारण ते त्याच्यासह कित्येक वर्षं जगले, लढले. माझ्यासारखी मुलं तेव्हा वर्ष-दोन वर्षांत जायची. पथ्य कितीही केलं तरी.

आता ४० आणि १०० ची गोष्ट. सुरुवातीचं इन्सुलिन पातळ असायचं. मग दहा, वीस, चाळीस, ऐंशी अशा वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या बाजारात आल्या. एकाच घरात दोन ताकदी आल्या की गोंधळ होणार, आणि तो जीवघेणा गोंधळ. म्हणून अमेरिकेनं १९७० च्या दशकात सगळं १०० वर आणायला सुरुवात केली, ब्रिटननं १९८३ मध्ये. आपल्याकडे बाटलीत ४० राहिलं ते राहिलंच. इन्सुलिनची पेनं मात्र भारतातही बहुतेक करून १०० ची असतात. म्हणजे एकाच फ्रिजमध्ये आजोबांची ४० ची बाटली आणि नातीचं १०० चं पेन शेजारी-शेजारी. पेनातून सिरिंजनं इन्सुलिन ओढून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

दुसऱ्या भेटल्या आनंदीबाई जोशी. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला अशी माहीत असते : नवरा हट्टी, मुलगी हुशार, अमेरिकेला गेली, पहिली डॉक्टर झाली, लवकर गेली. पण सगळी गोष्ट औषधाच्या अंगानं वाचा, वेगळीच दिसते. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं, योग्य उपचार मिळाले नाहीत. तिथून डॉक्टर व्हायचं मनात आलं. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत चाळताना वाचलं. आपण डेंटिस्टकडे रील्स बघतो, त्यांनी मासिक उचललं. आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं.

गोपाळरावांची नोकरी पोस्टातली, सारख्या बदल्या. बंगालमध्ये असताना आनंदीबाईंची तब्येत ढासळली. सतत डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप, कधी धाप लागणं. तर या कार्पेंटर मावशींनी काय करावं? अमेरिकेतून औषधं पाठवली. बोटीनं, टपालानं, समुद्रापार.

मी हे वाचून थांबले. परदेशी औषध मागवण्याची आपल्या मराठी घरातली ही एवढी जुनी गोष्ट! जरा हिशोब करा. आनंदीबाई स्वतः ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीवर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. टपाल त्याहून थोडं लवकर पोचत असेल असं धरलं, तरी "मावशी, मला धाप लागते" हे पत्र जाणार, मावशी औषध घेणार, पुडकं बांधणार, ते बोटीनं येणार. तोवर दुखणं कुठच्या कुठे गेलेलं. कस्टमचं लफडं नाही, डॉक्टरचं पत्र नाही, कुणी बाटली उघडून वास घेतला नाही. फक्त वेळ. औषधांचा उपयोग झाला नाही, आणि तशाच तब्येतीत त्या निघाल्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये शिकल्या. थंडी, परकं अन्न, नऊवारी नेसायचा निश्चय. तिथेच क्षयानं गाठलं. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डवर नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं नव्हतं.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ ला, म्हणजे आनंदीबाई बोटीवर चढायच्या जेमतेम वर्षभर आधी. शत्रूचं नाव कळलं होतं, हत्यार नव्हतं. क्षयावर लागू पडणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. डॉक्टरकीची पदवी ट्रंकेत होती, आणि स्वतःच्या रोगावर देता येईल असं औषध त्या ट्रंकेत नव्हतं, त्या बोटीवर नव्हतं, उतरल्या त्या बंदरातही नव्हतं.

ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मंडळींसाठी एक गोष्ट. हिंजवडीपासून दहा-बारा किलोमीटरवर पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. आपण नुसतं 'एचए' म्हणतो, बसस्टॉपचं नाव असल्यासारखं. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभी राहिलेली सरकारी कंपनी. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन. आनंदीबाई ज्या शहरात गेल्या, त्याच्या वेशीवर, पण पाऊणशे वर्षं उशिरा.

आता तिसरी गोष्ट, आणि इथे कफ सिरप येतं.

निघायच्या आदल्या दिवशी मला खोकला होता. घराजवळच्या डॉक्टरांनी सिरप दिलं होतं, कोडीनवालं. मी ते बॅगेत ठेवलं. माझी रूममेट नागपूरची, तिचा भाऊ शारजात. तिनं बाटली उचलून लेबल वाचलं आणि ओरडलीच, "अगं बाई, हे काढ आधी! जेलात जायचंय का?" मला वाटलं, नाटकी आहे. नव्हती. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं नियंत्रित यादीत आहेत. न्यायची तर तिथल्या सरकारची आधी परवानगी काढावी लागते, ऑनलाइन.

हा एवढा कडकपणा कशासाठी? त्याचं मूळ शोधत गेलं की, मंडळी, तुम्ही येऊन पोचता मुंबईच्या बंदरात. थट्टा नाही.

कोडीन अफूतून निघतं. १८३२ मध्ये पॅरिसच्या पिएर रोबिके या रसायनतज्ज्ञाने ते वेगळं केलं. आणि त्याच काळात माळव्यातली अफू मुंबईतून चीनला जात होती. बंगालच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी, पण माळवा संस्थानिकांच्या ताब्यात. तिथला माल आधी कराची आणि पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निसटायचा. शेवटी कंपनीनं हात टेकले आणि पास देऊन तो मुंबईतून जाऊ द्यायला सुरुवात केली. मुंबई श्रीमंत झाली त्यात कापूस आहे तशी अफूही आहे.

सर जमशेटजी जीजीभॉय. जे.जे. हॉस्पिटलमधले 'जे.जे.'. कापूस आणि अफूच्या चीन-व्यापारात कमावलं. १८०५ मध्ये तरुण जमशेटजी 'ब्रन्सविक' नावाच्या जहाजावरून चीनला जात असताना फ्रेंचांनी जहाज पकडलं. त्या जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन. कंपनीच्या जहाजावरच्या डॉक्टरला स्वतःच्या व्यापारासाठी थोडी जागा मिळायची, तेवढ्या जागेवर या डॉक्टरनं व्यापाराचे धडे घेतले. दोघांची ओळख झाली ती आयुष्यभराची. जार्डिन पुढे चीनला अफू नेणारा सर्वांत मोठा व्यापारी झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले भागीदार. त्या पैशातून दानधर्मही अफाट झाला. एक लाख रुपये दिले आणि १८४५ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं, शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज. पुण्याच्या पाण्यासाठीही त्यांनी मोठी देणगी दिली. बंड गार्डनचा तो बंधारा, लोहगावला जाताना डोळ्यांसमोरून जातो तो, त्यांच्याच पैशाचा. म्हणजे कफ सिरपची बाटली घरी ठेवून मी विमानतळाकडे निघाले तेव्हा वाटेत अफूच्या पैशाला वळसा घालून गेले होते.

कुणी म्हणेल, तेव्हा ते कायदेशीर होतं. भारतात होतं. चीनमध्ये नव्हतं. चिनी सरकारनं बंदी केली, माल जप्त करून नष्ट केला, म्हणून १८३९ ते १८४२ लढाई झाली. व्यापारी बाजूचं मी समजू शकते, पण हॉस्पिटलच्या पुण्यानं ते धुऊन निघालं असं काही मला वाटत नाही. आणि आपल्याकडची माणसं तरी कुठे सुटली होती? मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना 'बाळगोळी' द्यायच्या. अफूची गोळी. मूल दिवसभर झोपून राहायचं, आईची पाळी व्हायची. त्या बायांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती.

मग जगानं हळूहळू गाठी मारायला घेतल्या. १९०९ मध्ये शांघायला बैठक, २३ जानेवारी १९१२ ला हेगला पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार. १९२५ मध्ये जिनिव्हाला ठरलं की असा माल एका देशातून दुसऱ्या देशात जायचा तर घेणाऱ्या देशाचं प्रमाणपत्र हवं. तुमच्या हातातलं 'डॉक्टरांचं पत्र' आहे ना, ते याच कागदाचं लांबचं नातवंड म्हणा. १९६१ मध्ये सगळे जुने करार एकत्र करून एक केला. १९७१ मध्ये व्हिएन्नाला झोपेच्या, चिंतेच्या, उत्तेजक गोळ्यांसाठी वेगळा करार झाला. त्यात एक लहानसं कलम आहे : प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती थोडी औषधं नेऊ द्यायची मुभा देशांना आहे, पण ती कायदेशीरपणे मिळवली आहेत ना याची खात्री करून घ्यायचा हक्कही त्या देशाला आहे. विमानतळावर जे काही घडतं ते सगळं या एका वाक्यात बसतं. 'मुभा आहे' म्हणजे देशावर सक्ती नाही. म्हणून एका देशात चालणारी गोळी शेजारच्या देशात गुन्हा ठरते. आपला स्वतःचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, आणि ट्रामाडॉल त्यात आलं थेट २०१८ मध्ये. याद्या बदलत राहतात. दोन वर्षांपूर्वी ताई घेऊन गेली होती, हे उत्तर चालत नाही.

जपानचं वेगळंच. तिकडे एफेड्रिन वनस्पतीतून वेगळं केलं नागाई नागायोशी या जपानी शास्त्रज्ञाने, १८८५ मध्ये. त्यापासून पुढे मेथॅम्फेटामिनही त्यानेच बनवलं. युद्धकाळात ते 'फिलोपॉन' नावानं विकलं गेलं, युद्धानंतर व्यसन इतकं पसरलं की १९५१ मध्ये कडक कायदा आला. त्यामुळे अमेरिकेत डॉक्टरच लिहून देतात अशा एडीएचडीच्या अॅम्फेटामिनवाल्या गोळ्या जपानमध्ये प्रिस्क्रिप्शन असलं तरी बंद. २०१५ मध्ये टोयोटाच्या एका अमेरिकन वरिष्ठ अधिकारी बाईंना ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळ्या पार्सलनं मागवल्या म्हणून टोकियोत अटक झाली होती. पुढे खटला न भरता सोडलं, पण नोकरी गेली. टोकियोला ऑनसाइट मिळालेले जे कुणी ऐकत असाल, त्यांनी आजच वकिलातीचं पान उघडा.

ब्रँडच्या नावांचंही सांगते, पटकन. १९७० च्या पेटंट कायद्यानं आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, बनवण्याच्या पद्धतीवर आहे, असं ठरवलं. त्यामुळे एकच औषध अनेक कंपन्यांनी बनवलं, औषधं स्वस्त झाली, आणि एका औषधाला पन्नास नावं पडली. फायदा मोठा होता, पण परदेशातल्या फार्मसीत ती पन्नास नावं कुणाला ठाऊक नसतात. चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून घ्या. तेही कधी बदलतं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं आणि दम्याच्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल.

आणि ऑफिसातला तो सल्ला, लिक्विड काढून घेतात? त्याचंही वय आहे. १० ऑगस्ट २००६ ला लंडनमध्ये अटलांटिकवरची विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवायचा कट पकडला गेला आणि १०० मिलिलिटरचा नियम आला. पण औषधाला त्यातून सूट आहे. प्रवासापुरतं औषध, चिठ्ठी सोबत, आणि ट्रेमध्ये वेगळं काढून दाखवायचं. इन्सुलिन तर हातातल्या बॅगेतच हवं. बॅग हरवते हे एक. विमानाच्या पोटात गोठण्याइतकी थंडी होऊ शकते हे दुसरं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, काम करत नाही.

मशीनवाल्यांसाठी थोडंसं. झोपेत श्वास अडकतो त्यासाठीचं सीपॅप सिडनीच्या कॉलिन सुलिव्हनने १९८० च्या सुमारास बनवलं, आता ते चपलेच्या डब्याएवढं झालंय. ते केबिनमध्ये न्या, सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच, बॅटरीवरचा वॉट-अवरचा आकडा बघा, १०० च्या वर असेल तर आधी विमान कंपनीला विचारा. ऑक्सिजनचा स्वतःचा सिलेंडर बहुतेक कंपन्या घेऊ देत नाहीत. ऑक्सिजन लागणाऱ्या माणसाला बसवायचं असेल तर डॉक्टरांनी भरायचा फॉर्म आधी द्यावा लागतो, कारण वर गेल्यावर केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी तेवढी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजार. आजोबांना महाबळेश्वरला धाप लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

माझी बॅग तिसऱ्या दिवशी आली. इन्सुलिनच्या बाटल्या मी वापरल्या नाहीत, दोन दिवस त्या कुठे आणि किती तापमानात पडल्या होत्या कोण जाणे. बॅगेत आईनं दिलेला अनारशांचा डबा होता. एक खाल्ला (डोस वाढवून, काळजी नको) आणि दुसरा खाताना दाताखाली खसखस आली तेव्हा डोक्यात उजेड पडला. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. अमिरातीत आणायला बंदी. कोडीनची बाटली घरी ठेवून मी अफूचं बी चांगलं दोन डझन अनारशांवर थापून, कस्टममधून घेऊन आले होते. कुणी उघडलं नाही म्हणून सुटले, एवढंच. तुम्ही हा प्रयोग करू नका.

पुढच्या आठवड्यात परत जातेय. आता पेन वापरते. दोन हातातल्या बॅगेत आणि दोन सहकाऱ्याच्या बॅगेत, त्याच्या नावाची नाहीत म्हणून माझ्या चिठ्ठीच्या प्रतीसह. काल आईला फोन केला, म्हटलं, या वेळी अनारसे नकोच. ती म्हणाली, "अगं, तिळावर थापलेत. तीळ चालतात ना त्यांना?"